थकवा खरा आहे, ‘थकलेली ग्रंथी’ खरी नाही

(कर्जत-खालापूरच्या गटांच्या मासिक बैठकीत झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. आपल्या गटात मोठ्याने वाचून दाखवावा.)



आजचा विषय तुमच्याच कर्जमागणीच्या अर्जांतून आला आहे. बियाणं, शाळेची फी, शेळी, घराचा पत्रा ही कारणं आपल्याला सवयीची आहेत. आता त्यात एक नवीन कारण दिसायला लागलंय, ‘तपासणीसाठी’. कसली तपासणी विचारलं, तर लाळेची. कुणीतरी प्लास्टिकच्या चार नळ्या देतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना त्यात लाळ घ्यायची. मग मोबाइलवर रंगीत आलेख येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ताणाचं हार्मोन बिघडलंय, तुमची ग्रंथी थकली आहे.’ त्याच्याच खाली तीन महिन्यांच्या पावडरीचा भाव. तपासणीचे पैसे वेगळे, पावडरीचे वेगळे.

कर्ज द्यायचं की नाही हे गटानेच ठरवायचं. पण ठरवायच्या आधी ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपल्याला कळायला पाहिजे. कारण ज्या बाईने कर्ज मागितलं ती खोटं बोलत नाही. ती खरंच थकलेली आहे. सकाळी उठवत नाही, पाय ओढत चालते, कशात मन लागत नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या थकव्याचं कारण त्या नळीत सापडेल का?

ही ग्रंथी कुठे असते, काय करते

पाठीच्या दोन्ही बाजूंना आपल्या किडन्या असतात. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते. किडनीला मराठीत वृक्क म्हणतात, म्हणून ही अधिवृक्क ग्रंथी. डॉक्टर तिला अॅड्रिनल म्हणतात. तिच्यातून जी हार्मोन्स निघतात त्यातलं एक म्हणजे कॉर्टिसॉल. त्याला ताणाचं हार्मोन म्हणतात खरं, पण ते नाव अर्धवट आहे. कॉर्टिसॉल रक्तदाब टिकवतं, उपाशीपोटी रक्तातली साखर फार खाली जाऊ देत नाही, ताप आला, मार लागला, ऑपरेशन झालं तर शरीराला उभं ठेवतं. त्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही.

दिवसभर ते सारखं नसतं. पहाटे, आपण अजून अंथरुणात असतो तेव्हाच ते चढायला लागतं. जाग येण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त. मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी. मधेच भाताच्या बांधावर साप दिसला, मूल पडलं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, की थोडा वेळ वर जातं आणि परत खाली येतं. हे वर-खाली होणं म्हणजे बिघाड नाही. ते त्याचं कामच आहे.

लाळेची चाचणी खोटी नाही

लाळेत कॉर्टिसॉल मोजणं हे खोटं शास्त्र नाही. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं. जे मोकळं असतं तेच लाळेत उतरतं, आणि शरीराच्या कामाला येतं तेही मोकळंच. शिवाय सुई लागत नाही. कापसाचा बोळा एक-दोन मिनिटं तोंडात धरायचा आणि नळीत टाकायचा. मध्यरात्री रक्त काढायला माणूस घरी कुठून आणणार? लाळ घरी घेता येते.

म्हणून डॉक्टर ही चाचणी एका नेमक्या कामासाठी वापरतात, शरीरात कॉर्टिसॉल जास्त झालंय का हे बघायला. त्या आजाराला कुशिंगचा आजार म्हणतात. चेहरा गोल गरगरीत होतो, पोट सुटतं पण हातपाय बारीक होतात, पोटावर-मांड्यांवर रुंद जांभळे पट्टे येतात, जरा लागलं तरी काळं-निळं होतं, उकिडवं बसलं तर उठता येत नाही, रक्तदाब आणि साखर वाढते. अशा माणसाचं कॉर्टिसॉल मध्यरात्रीही खाली येत नाही. तेच पकडायला रात्री अकरा-बाराच्या सुमाराची लाळ घेतात, आणि तीही निदान दोन वेगवेगळ्या रात्री.

त्यातही डॉक्टर आधी काही गोष्टी विचारतात. खोपोली-खालापूर पट्ट्यात कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या बाया आहेत. ज्यांचं झोपायचं-उठायचं चक्र सारखं बदलतं त्यांच्यासाठी ही चाचणी भरवशाची नाही. तंबाखूनेही आकडा बिघडतो. आपल्याकडे सकाळी मिश्री लावणाऱ्या किती जणी आहेत ते मी सांगायला नको. मिश्री म्हणजे तंबाखूच. त्यातून हिरड्यांतून रक्त येत असेल आणि ते लाळेत मिसळलं, तर आकडा उगाच वाढतो, कारण रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. ज्येष्ठमध चघळण्यानेही फरक पडतो. आता सांगा, नळ्या देणाऱ्याने यातलं काय विचारलं? मिश्री लावता का? रात्रपाळी करता का? दम्याची किंवा सांध्यांची कुठली औषधं चालू आहेत का?

‘थकलेली ग्रंथी’ आली कुठून

ग्रंथी ताणाने थकते आणि तिच्यातलं कॉर्टिसॉल आटतं, ही कल्पना १९९८ मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकेतल्या पर्यायी उपचार करणाऱ्याने मांडली. ऐकायला पटते. विहिरीतून फार पाणी उपसलं की विहीर आटते, तसंच हे वाटतं. पण ग्रंथी म्हणजे विहीर नाही. मेंदूने हुकूम दिला की ती नवीन हार्मोन तयार करते. ताण वाढला तर ती जास्त काम करते, कामाने झिजून बंद पडत नाही.

ब्राझीलमधल्या दोन डॉक्टरांनी २०१६ मध्ये या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र करून तपासले. थकलेली माणसं आणि ठणठणीत माणसं यांच्या कॉर्टिसॉलमध्ये भरवशाने दाखवता येईल असा फरक निघालाच नाही. काही अभ्यासांत कमी, काहींत जास्त, काहींत सारखंच. ग्रंथींच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टरही स्पष्ट सांगतात, की ‘थकलेली ग्रंथी’ नावाचा आजार नाही.

आणि त्या पावडरी? अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या, ‘ग्रंथीला ताकद देणाऱ्या’ १२ औषधांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. २०१८ मध्ये ती छापून आली. बाराच्या बारांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि बहुतेकांत एखादं तरी स्टेरॉइड. डबीवर त्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे आठ दिवस तरतरी येणार, पण कशामुळे ते घेणाऱ्या बाईला कळणारच नाही. काही पावडरींत ज्येष्ठमध असतं. खोकल्याला चिमूटभर घेणं वेगळं आणि रोज चमचाभर घेणं वेगळं. रोजच्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. आधीच रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईने तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

ग्रंथी खरंच बंद पडते तेव्हा

ग्रंथी थकत नाही असं म्हटलं, पण ती आजाराने निकामी होऊ शकते. तो आजार दुर्मीळ आहे, पण जिवावरचा आहे. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अॅडिसन या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्याला अॅडिसनचा आजार म्हणतात. त्या काळी त्याचं मोठं कारण होतं क्षयरोग. आपल्या देशात आजही टीबी हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे.

खुणा लक्षात ठेवा. थकवा असतोच, पण नुसता थकवा नसतो. वजन उतरत जातं, भूक मरते, मळमळ-उलट्या होतात, बसल्या जागेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, सारखं मीठ खावंसं वाटतं. आणि रंग काळवंडतो. उन्हाने रापतो तसा नाही. हिरड्यांवर, तळहाताच्या रेषांत, बोटांच्या पेरांवर, जुन्या जखमांच्या वणांवर काळेपणा येतो. घरात कुणाला टीबी होऊन गेलाय आणि या खुणा दिसतायत, तर थांबू नका.

याचं निदान चार नळ्यांच्या लाळेने होत नाही. सकाळी आठच्या सुमाराला रक्त घेऊन कॉर्टिसॉल बघतात. शंका राहिली तर ग्रंथीला हुकूम देणारं हार्मोन इंजेक्शनने देतात आणि अर्ध्या तासाने, तासाने परत रक्त घेतात. ग्रंथी चांगली असेल तर आकडा चढतो. माला-एन किंवा तशी गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर रक्तातला आकडा मुळातच जास्त दिसतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगा. पहिल्यांदा आपल्या कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर चौकच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी मिळते. परळच्या केईएममध्ये या ग्रंथींच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि आपल्या लोकलने तिथपर्यंत जाता येतं.

आपल्या गावात खरा धोका पुडीचा

ही ग्रंथी झोपी जाण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते अॅडिसनच्या आजारापेक्षा कितीतरी जास्त आढळतं. ते म्हणजे स्टेरॉइड.

स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच औषधी भाऊ. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला या जातीचं औषध पहिल्यांदा दिलं गेलं. काही दिवसांतच ती चालती झाली. जगभर गाजावाजा झाला आणि १९५० मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं. मग हळूहळू कळलं, की जास्त दिवस घेतलं तर तेच औषध हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं, जखमा भरू देत नाही. दमा, संधिवात, काही त्वचारोग यांत ते आजही जीव वाचवतं, पण डॉक्टरांच्या हिशोबाने.

गावात काय होतं? आवणीच्या दिवसांत गुडघे-कंबर धरली की कुणीतरी नाव नसलेली पुडी देतं, नाहीतर पाकीट नसलेल्या सुट्या गोळ्या. एका दिवसात दुखणं गायब, भूक लागते, अंगावर तेज येतं. एवढा पटकन गुण आला तर आनंद होण्याआधी शंका घ्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. गोरं करणाऱ्या क्रीमचंही तेच. त्यातली काही मलमं म्हणजे कडक स्टेरॉइड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरी ती चेहऱ्याला चोळली जातातच.

बाहेरून महिनोन् महिने स्टेरॉइड आलं की मेंदू म्हणतो, आता आपल्या ग्रंथीची गरज नाही. ग्रंथी झोपी जाते. आणि मग एक दिवस बाई ठरवते, ‘फार झाल्या गोळ्या, आजपासून बंद.’ बाहेरचं बंद आणि आतलंही बंद. उलट्या, जुलाब, चक्कर, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं, आणि वेळेत उपचार मिळाला नाही तर जीव जाऊ शकतो.

म्हणून इथली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी, की माझं बोलणं ऐकून आज घरी जाऊन कुणी गोळ्या फेकून देऊ नका. उरलेल्या गोळ्या, पुडी, मलमाची ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती महिने घेतलं ते सांगा. ते मात्रा हळूहळू उतरवतील. अशा औषधावर असलेल्या माणसाला उलट्या सुरू झाल्या, ग्लानी आली, तर १०८ला फोन करा आणि गाडीतल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘हिला स्टेरॉइड चालू होतं.’ त्या एका वाक्याने उपचार बदलतो.

मग आपण थकतो कशाने

नळीवर पैसे घालण्याआधी या तपासण्या करा. रक्तातलं हिमोग्लोबिन. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी निघालं. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या वर हवं, गरोदर असेल तर ११च्या वर. अंगावरून जास्त जात असेल तर ‘बायकांना असतंच’ म्हणून सोडू नका, ते सांगा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा दोन तासांनी प्या. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका.

मग साखर, रक्तदाब, थायरॉइड. अंग सुजणं, थंडी वाजणं, पाळी बिघडणं असेल तर थायरॉइडचं नक्की विचारा. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरतं वजन असेल तर थुंकीची तपासणी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नेरळ, कडाव, कळंब, खांडस या प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा आपल्या जवळच्या उपकेंद्रात आशाताईंना विचारून जा.

आणि सगळ्या तपासण्या बरोबर आल्या तर? मग दिवसाचे तास मोजा. सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि हे नुसतं बिनपगारी घरकाम, शेतमजुरी आणि कंपनीची पाळी यात धरलेली नाही. पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन कल्याणला जाणारी बाई चारला उठते आणि रात्री अकराला पाठ टेकते. तिच्या थकव्याचं कारण शोधायला नळी कशाला? ते चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशी दिसतंच आहे. त्यावर पावडर चालत नाही. नवऱ्याने, मुलाने हंडा उचलावा लागतो.

ताण मोजायचा की हलका करायचा

ताण खोटा आहे असं मी म्हणत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री आपल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना पावसाची सर जोरात आली की झोप लागत नसेल, तर ते समजायला लाळ मोजायला हवी का? विचारलं तर माणूस सांगतो. ऐकणारं कुणीतरी लागतं. झोप नाही, रडू येतं, जगू नये असं वाटतं, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही. घरात मारहाण होत असेल तर १८१. मारहाणीचा ताण कुठल्याही आलेखाने कमी होत नाही.

लाळेतलं कॉर्टिसॉल अभ्यासाला मात्र उपयोगी पडतं, पण एकेका बाईचा निकाल लावायला नाही, शेकडो माणसांची तुलना करायला. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये किशोरवयीन मुलांना परीक्षकांपुढे भाषण आणि गणितं करायला लावून आधी आणि नंतर लाळ घेतली होती. आफ्रिकेत केनियामध्ये गरीब कुटुंबांना थेट पैसे देऊन त्यांचं काय होतं ते पाहिलं, त्यातही लाळ घेतली. सगळ्यांचा मिळून कॉर्टिसॉलमध्ये फरक दिसला नाही. पण पैसा नवऱ्याऐवजी बायकोच्या हातात गेला त्या घरांत, आणि रक्कम मोठी होती तिथे, कॉर्टिसॉल कमी आढळलं. एका अभ्यासावरून फार मोठं बोलू नये. तरी दर महिन्याला बचत भरणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. अडीनडीला आपल्या नावावर चार पैसे आहेत हे माहीत असलं, की झोप कशी लागते ते आपल्याला माहीत आहे.

गटाने काय करायचं

तपासणीसाठी कर्जमागणी आली तर त्या ताईला नाही म्हणून गप्प करू नका. तीन प्रश्न विचारा. ही तपासणी कुठल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिली? तपासणी करणारा आणि औषध विकणारा एकच आहे का? हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, थायरॉइड झालं का? पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही आणि दुसऱ्याला ‘हो’ असेल, तर पैसे राखून ठेवा. तिच्याबरोबर गटातली एक जण दवाखान्यात पाठवा. आपल्या बाया एकट्या दवाखान्यात जात नाहीत, गेल्या तर बोलत नाहीत. सोबत कुणी असलं की बोलतात.

डॉक्टरांनी खरंच मोठी तपासणी लिहून दिली असेल, तर मुंबईला जायच्या भाड्यासाठी आणि बुडणाऱ्या रोजासाठी गटाचं कर्ज जरूर द्या. त्याच कामासाठी तो पैसा आहे.

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या सुट्या गोळ्या, बिननावाच्या पुड्या, चेहऱ्याच्या क्रीमच्या ट्यूबा एका पिशवीत घालून आणा. घेणं थांबवू नका, नुसत्या आणा. आशाताई आणि उपकेंद्राच्या नर्सबाई त्या दिवशी यायला तयार आहेत. हिमोग्लोबिन आणि रक्तदाबही तिथेच तपासून घेऊ. त्याला अर्धा तास लागेल, आणि खर्च काही नाही.